तीन इंच

गच्चीच्या दारात चंपतरावांचा पाय अडला आणि ते धडपडले. फार काही झालं नाही. दोन्ही हात चौकटीला लागले, एका तळहाताची कातडी जराशी सोलली, खिशातलं पेन टणटण करत चार पायऱ्या खाली जाऊन थांबलं. कोणी पाहिलं नव्हतं हे त्यातल्या त्यात बरं, कारण बायकोच्या माहेरच्या माणसांत जावई तोंडावर आपटलेला दिसणं काही शोभेचं नाही. त्यांनी वळून पायरीकडे पाहिलं, ठेच लागलेला माणूस दगडाकडे पाहतो तसं, जरा रागानंच. पायाला आधी कळलं होतं, डोक्याला आता कळायला लागलं. सतरा पायऱ्या पाय एकाच मापानं उचलला गेला होता. अठरावीलाही तो बिचारा तेवढाच उचलला गेला आणि पायरी त्याच्या वर राहिली. चंपतराव उकिडवे बसले. त्यांची वीत बरोबर नऊ इंचांची होती. सत्तावीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाला आपल्या हाताची सगळी मापं पाठ असतात. त्यांनी पायरीला वीत लावली, वर अर्धं बोट उरलं. साडेनऊ. खालच्या पायरीला लावली तर वीत पायरीच्या बाहेर निघून गेली. साडेसहा. मग गरज नव्हती तरी त्यांनी सगळ्या पायऱ्या मोजल्या. अठराच होत्या. मे महिन्याच्या उन्हानं तापलेल्या त्या शेवटच्या पायरीवर ते तसेच बसून राहिले आणि टाकीचं पाणी गच्चीभर वाहत राहिलं.

ते पाणी बंद करायलाच ते वर आले होते. घर मारोतराव झाड्यांचं. मारोतराव रेल्वेत गार्ड होते, दुर्गच्या लाइनवर सगळी नोकरी काढली आणि रिटायर झाल्यावर दुर्गातल्या पद्मनाभपुरात एका गृहनिर्माण सोसायटीच्या रांगेतलं हे घर घेतलं. चौदा घरं, एकाला एक लागून, एक उजवं तर दुसरं डावं. त्यांची बायको ठकूबाई ही चंपतरावांच्या बायकोची, कमलिनीची, मावशी, म्हणून चंपतराव या घरचे जावई. ठकूबाई होळीनंतर एका सकाळी परातभर कुरडया घेऊन गच्चीवरून उतरायला निघाल्या आणि पहिल्याच पायरीला पडल्या. मांडीचं हाड मोडलं. आता दोन महिने होत आले होते. हाड जुळलं, उठा, चाला, असं डॉक्टर दर आठवड्याला सांगत होते आणि ठकूबाई काही केल्या पाय जमिनीला टेकवत नव्हत्या. कमलिनी त्यांना भेटायला म्हणून दर रविवारी भिलाईहून येत असे आणि चंपतराव तिला स्कूटरवर आणून सोडत. आज टाकी वाहायला लागली तेव्हा मारोतराव गुडघे धरून उठू लागले, आणि जावयाला काम सांगू नये हे घरात सगळ्यांना माहीत असलं तरी चंपतराव स्वतःहून म्हणाले, बसा तुमी, मीच जातो. या घरात ते वास्तुशांतीला आले होते, त्यानंतर या दोन महिन्यांतले रविवार. वर कधी गेले नव्हते. पण एक गोष्ट त्यांना आता, पायरीवर बसल्या बसल्या, आठवली. या घरात न्हाणीघर कुठं आहे हे त्यांना पहिल्या दिवशीही विचारावं लागलं नव्हतं. फक्त हात उलटीकडे जायचा. दिव्याचं बटण डावीकडे असेल असं वाटायचं आणि ते उजवीकडे निघायचं.

उलटी ट्रेसिंग, असं ते मनाशी म्हणाले. पारदर्शक कागद पालथा घालून नक्कल काढली की डाव्याचं उजवं होतं. जिना, खोल्या, खिडक्या, सगळं तेच, आरशातलं. आपणच काढलेलं घर त्यांना ओळखू आलं नव्हतं ते त्यामुळे. गच्चीच्या कोपऱ्यात ती परात अजून पडलेली होती, एका बाजूनं चेपलेली. कोणी खाली नेली नव्हती. चंपतरावांनी टाकीचा कॉक फिरवला, परातीकडे पाहिलं, आणि तिला हात न लावता ते एकेक पायरी कठड्याला धरून उतरले. पेन उचलायचं विसरले.

जिना अठरा पायऱ्यांचा, उंची दहा फूट. हा जिना चंपतरावांनी तीन रविवार खर्चून काढला होता, एकोणऐंशी साली, भिलाईच्या स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसातली नोकरी सांभाळून, सेक्टरमधल्या कंपनीच्या क्वार्टरच्या पडवीत. छोट्या प्लॉटवरचं छोटं घर. त्यात त्यांनी जिन्याखाली अशी जागा काढली होती की स्वयंपाकघराला उजेड जिन्याच्या वळणातून मिळावा आणि बाईला भांडी घासताना पाठीवर ऊन येऊ नये. कोणी सांगितलं नव्हतं. कमलिनीची पाठ उन्हात पाहून त्यांना ते सुचलं होतं. आयुष्यात माणसाला एखादीच गोष्ट अशी सुचते आणि चंपतरावांना ती सुचली, एवढं खरं. मूळ कागदावर पायऱ्यांपाशी त्यांनी लिहिलं होतं: अठरा, सारख्या. पण बाहेर द्यायच्या नकलेसाठी ते खरवडून त्याजागी प्रत्येकी साडेसहा इंच असा आकडा घातला होता. साडेसहा गुणिले अठरा म्हणजे नऊ फूट नऊ इंच. तीन इंच कमी. मिस्त्री खालून बांधत गेला की ते तीन इंच शेवटच्या पायरीच्या डोक्यावर बसणार.

ही चूक नव्हती, ही किल्ली होती. निदान त्यांचे उस्ताद कृष्णराव तिला किल्ली म्हणत. नागपूरच्या महाल भागात एका माडीवर कृष्णरावांनी त्यांना हातात शाईचं पेन कसं धरायचं इथपासून शिकवलं, आणि शेवटी हेही शिकवलं. नकाशा देजो, किल्ली नोको देऊ. नकाशा काढणाऱ्याजवळ असतं काय? कोपऱ्यातल्या चौकोनातलं नाव, आणि ते तर कोणीही ब्लेडनं कापून टाकतो. म्हणून नकलेत एक माप असं ठेवायचं की नुसती बेरीज केली तरी पकडलं जावं. ज्याला बांधायचं आहे तो बेरीज करणार, अडणार, परत येणार. मग त्याला बसवायचं, चहा पाजायचा आणि खरं माप सांगायचं. जो येणार नाही तो चोर, आणि चोराचं अडलं तर आपल्याला काय त्याचं? कृष्णराव हे बोलताना दारातून जिन्याकडे बघत असत, कोणी येतंय का म्हणून. तरुण चंपतला तेव्हा त्यात फक्त हुशारी दिसली होती.

खाली आल्यावर कमलिनीनं विचारलं, हाताले काय झालं? चंपतराव म्हणाले, काही नाही, कॉक गंजलाय. मारोतरावांनी खुर्ची पुढे केली, उशी ठेवली, चहा आला, बशीत शेव आली. आतल्या खोलीच्या दारातून ठकूबाई दिसत होत्या, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, अंगावर फुलांची चादर. मारोतराव त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होते. डॉक्टर म्हणतो बाई धडधाकट आहे, पण बाईच्या मनात बसलं आहे की पाय कामातून गेला. मग आतून, भिंतीकडे बघतच, ठकूबाई बोलल्या. "पायरी तिथंच होती. पाच वरसं तिथंच होती. माहाच पाय चुकला. आता त्याच्यावर कसा भरोसा ठेवू?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घरातल्या जुन्या नोकरानं दगा दिला आणि आता त्याला ठेवून घेण्यात अर्थ नाही, अशा ठरलेल्या सुरात त्या आपल्या पायाबद्दल बोलत होत्या. चंपतरावांना बोलायला काय लागत होतं? मावशी, ती पायरी उंच आहे, एवढं एक वाक्य. पण त्याच्या मागून दुसरं वाक्य येणार होतं, कशावरून, आणि त्याच्या मागून तिसरं, आणि तिसरं वाक्य जावयाच्या खुर्चीत उशीला टेकून बसलेल्या माणसाच्या तोंडून निघणार नव्हतं. त्यांनी चहा संपवला, शेव खाल्ली, चांगली आहे म्हणाले.

परत येताना पावर हाउस चौकापाशी ऑटो, बसेस, हातगाड्या यांच्या गर्दीत स्कूटर दोनदा बंद पडली. त्याच रस्त्यावर पूर्वी नकाशांच्या नकला काढणाऱ्या प्रिंटवाल्याचं दुकान होतं, अमोनियाच्या वासानं रस्त्यावरूनच डोळ्यांत पाणी यायचं. आता तिथं कॅसेटचं दुकान होतं, तरी चंपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते धुळीवर ढकललं. इथंच अरुणकुमारला सेपिया काढून दिली होती. सेपिया म्हणजे तपकिरी रंगाची, पारदर्शक नक्कल. साध्या प्रिंटवरून पुढं काही निघत नाही, सेपियावरून हव्या तितक्या प्रिंट निघतात, हवं ते पुसता येतं, हवं ते वर लिहिता येतं. सेपिया देणं म्हणजे घरच देणं. चंपतराव कोणाला सेपिया देत नसत. अरुणकुमार देवगडे त्यांच्या हाताखाली ट्रेनी म्हणून आला होता, वर्ध्याकडचा, सडपातळ, कानात पेन्सिल खोचून फिरणारा. दीड वर्ष रोज संध्याकाळी तो क्वार्टरवर यायचा, कमलिनीच्या हातची भाकर खायचा आणि काका, हे असं कावून, ते तसं कावून, असं प्रत्येक गोष्टीचं कारण विचारून भंडावून सोडायचा. मूलबाळ नसलेल्या घरात असं कोणी विचारत बसलं की घर भरून जातं. त्यानं एक दिवस म्हटलं, काका, भावाले दुर्गात घर बांधायचं आहे, तुमचा तो नकाशा द्या ना. चंपतरावांनी नाही म्हटलं नाही. फक्त सेपिया काढायच्या आधी मूळ कागदाची पायऱ्यांची जागा ब्लेडनं खरवडली, साडेसहा लिहिलं, सेपिया निघाल्यावर ते पुन्हा खरवडून मूळ शब्द लिहिले. त्या जागी कागद अजून पातळ आहे.

घरी पोचल्यावर त्यांनी पलंगाखालची पत्र्याची नळी ओढली आणि ट्रेसिंग बाहेर काढली. कमलिनी कपडे बदलून आली तेव्हा ते फरशीवर कागद पसरून, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवून बसले होते. काय करून राहिले, तिनं विचारलं. पाहून राहिलो, ते म्हणाले. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, हे तर मावशीचं घर दिसते, उलटं. चंपतरावांनी पायऱ्यांच्या त्या पातळ जागेवरून बोट फिरवलं. खरखरीत लागलं. सेपिया देताना आपण अरुणला सांगितलं होतं का, जिना बांधायच्या आधी माह्याकडे येजो? त्यांना ते वाक्य बोलल्यासारखं आठवत होतं. प्रिंटवाल्याच्या दुकानाबाहेर, सायकलीच्या दांडीला नळी बांधताना. पण आठवणीत अरुणकुमारचं तोंड दिसत होतं, वाक्य ऐकू येत नव्हतं. कदाचित बोलायचं ठरवलं होतं आणि बोलले नसतील. न सांगताच त्यानं यावं असं वाटलं असेल. मग तो कोरब्याला नोकरी लागून गेला, जाताना पाया पडला आणि परत आला नाही. दोन दिवाळ्या चंपतरावांनी वाट पाहिली. कमलिनी म्हणायची, पोरं जातातच. ते म्हणायचे, हो, जातातच.

तो आठवडा वाईट गेला. ड्रॉइंग ऑफिसात टेबलावर पाइपांचं काहीतरी काम होतं. हात काम करत होता आणि डोकं पद्मनाभपुरात. एक मन म्हणत होतं, चोरी सापडली, भावाच्या घरासाठी म्हणून नेलेला नकाशा पोरानं सोसायटीला दिला. आठ वर्षांनी पुरावा हातात आलाय, चौदा घरांचा, सिमेंटमधला. किल्ली याच दिवसासाठी तर असते. दुसरं मन म्हणत होतं, पुरावा म्हणून दाखवायचं काय, तर म्हातारीची मांडी? ऑफिसचा जिना उतरताना ते पायऱ्या मोजू लागले. क्वार्टरच्या तीन पायऱ्यांवर एकदा उगाच थांबले. मधेच त्यांना कृष्णराव आठवले, आणि जे आठवायचं ते टाळत होते तेही. भिलाईला नोकरी लागायच्या आधी कृष्णरावांनी त्यांना एका दवाखान्याचा नकाशा दिला होता. चंपतनं एका बैठकीत बेरीज करून त्यातली किल्ली शोधली, खिडकीचं एक माप, आणि धावत धावत माडीवर जाऊन उस्तादांना दाखवलं. वाटलं होतं, पाठ थोपटतील. कृष्णरावांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "सापडली ना? मंग आता कायले आला?" एवढंच म्हणाले आणि चहा न विचारता पेन धुवायला उठले. तेव्हा चंपतला राग आला होता. आता पंचवीस वर्षांनी, पाइपांच्या नकाशावर वाकलेले असताना, त्यांच्या छातीत ते वाक्य जाऊन बसलं. म्हातारा माल राखत नव्हता. त्याला कोणीतरी जिना चढून यायला हवं होतं. आणि आपणही तेच केलं, शिकवल्याबरहुकूम.

पुढच्या रविवारी कमलिनीला घेऊन ते निघाले तेव्हा खिशात टेप होती. घरात जाण्याआधी ते रांगेच्या मागच्या गल्लीतून फिरून आले. मागून सगळे जिने दिसतात. एका घरी एक बाई धुण्याची बादली घेऊन वर चालली होती. सतरा पायऱ्या ती सरसर गेली, अठरावीला थांबली, बादली आधी वर ठेवली, मग आपण चढली, अगदी रोजचं असल्यासारखं. दुसऱ्या घरी शेवटच्या पायरीला चुन्याचा पट्टा ओढलेला होता. तिसऱ्या घरी तिच्यावर एक वीट टाकून मधे आणखी एक पायरी केली होती, तीही कलती. चौदा घरांतली माणसं पाच वर्षांत ते तीन इंच शिकून बसली होती. कोणी कोणाला विचारलं नव्हतं, सगळ्यांना वाटत होतं जिना असाच असतो. फक्त ठकूबाईंच्या हातात परात होती आणि परातीपलीकडचं दिसत नव्हतं. चंपतरावांना आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. चोरीची नव्हे, ती तर दुसऱ्यानं केली होती. बादली आधी वर ठेवणाऱ्या त्या बाईपुढे वाटली.

ते घरात गेले, सरळ जिना चढले, टेप लावली, उतरले. येताना परात घेऊन आले. चंपतराव आतल्या खोलीत ठकूबाईंच्या पलंगाशी जाऊन उभे राहिले, परात अजून हातात.

"मावशी, तुमचा पाय नाई चुकला. वरची पायरी तीन इंच उंच आहे. मी आता मोजून आलो. कोनाचाही पाय चुकला असता."

ठकूबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माहा पाय बरोबर होता?"

"बरोबर होता."

इथं थांबता आलं असतं. हे चंपतरावांना पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं की इथं थांबता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते थांबलेच होते. पण मारोतराव दोन महिने बायकोला नावं ठेवत होते, आणि त्यांना आता नावं ठेवायला दुसरं कोणीतरी पाहिजे होतं. त्यांनी कपाटावरून पत्र्याची नळी काढली, घराचा नकाशा पलंगावर, ठकूबाईंच्या पायांवर उलगडला आणि कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट आपटलं. रचना : अरुणकुमार देवगडे. ब्याऐंशी साल. मारोतराव म्हणत होते, हाच तो गाढव, कोरब्याचा पत्तासुद्धा आहे, याला नोटीस धाडतो, चौदा घरं मिळून कोर्टात खेचतो, नोकरी घालवतो त्याची. चंपतराव त्या कागदाकडे बघत होते. उत्तर दिशा दाखवणारा बाण त्यांचा होता, तीन पिसांच्या शेपटीचा. तेवढा अरुणनं पुसला नव्हता. विसरला असेल, किंवा त्याच्यानं पुसवला नसेल. सगळ्या रेघा त्यांच्या, नाव त्याचं, आणि पायऱ्यांपाशी त्यांच्याच अक्षरातला साडेसहा. नाव घेतलंस ना, मग हेही घे, असं त्यांच्या मनात आलं. एक क्षणभर ते फार गोड वाटलं. त्यांनी काही बोलायचीही गरज नव्हती. चोर आपल्या चोरीसकट अडकत होता. आणि मग त्यांना दिसलं ते, जे आठ वर्षं दिसलं नव्हतं. पोरानं एक बेरीज केली नाही. कानात पेन्सिल खोचून कावून कावून विचारणाऱ्या पोरानं, ज्याला प्रत्येक रेघेवर शंका यायची, त्यानं हा आकडा तपासला नाही. आळस नव्हता तो. काकांचा आकडा आहे म्हणून त्यानं तो तसाच पुढं दिला. किल्ली चोराला अडवते म्हणतात. भरोसा ठेवणाऱ्याला ती पाडते, हे कृष्णरावांनी सांगितलं नव्हतं.

"त्याले नोका धाडू काही," ते म्हणाले. "नकाशा माहा आहे. त्याचं फक्त नाव आहे. हा आकडा मी मुद्दाम खोटा लिहला होता."

कमलिनी दारात उभी होती, तिनं पदराचं टोक हातात घेतलं. मारोतरावांनी नळीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. शेवटी फक्त एकच शब्द त्यांच्या तोंडून निघाला. "कावून?"

चंपतरावांजवळ उत्तर होतं. चोरीपासून राखण म्हणून. उस्तादांचा रिवाज म्हणून. नकाशावाल्याचं नाव कोणीही कापतं म्हणून. ही सगळी उत्तरं खरी होती आणि त्यांतलं एकही त्यांना त्या पलंगाशी उभं राहून देववेना.

"त्यानं इचारायले परत यावं म्हणून," ते म्हणाले.

ठकूबाई त्या कागदाखाली हालचाल करत होत्या. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. कागद वर उचलला जात होता आणि खाली बसत होता. त्या आपला मोडलेला पाय चादरीखाली उचलून पाहत होत्या, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, पायरी चढताना उचलतात तेवढाच. चंपतरावांच्या नजरेनं सवयीप्रमाणे माप घेतलं. साडेसहाच्या जरा वर. बरोबर होता.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या. त्यांनी जावईबापूच म्हटलं, आणि ते चंपतरावांना सोसलं नाही. "हे बाकीच्या तेरा घरी सांगतलं का?"

"नाई."

"मंग सांगा. माह्या वयाच्या चार जणी आहेत या रांगेत. आन ते परात ठेवा खाली, कवापासून धरून उभे आहात." मग त्या कमलिनीकडे वळल्या आणि म्हणाल्या, मले बसव जराशी.

चंपतरावांनी परात जमिनीवर ठेवली. चपला घातल्या. मारोतरावांनी त्यांना अडवलं नाही आणि सोबतही आले नाहीत. त्यांनी फक्त नकाशाची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली, जरा जोरातच. बाहेर ऊन चढलं होतं, शेजारच्या दाराला जाळी होती आणि जाळीमागं रेडिओ चालू होता. आठ वर्षं त्यांच्या मनात एक वाक्य होतं. कधीतरी कोणासमोर तरी, नकाशा समोर ठेवून, ते म्हणायचं होतं, आणि ते म्हणताना आपण कसे दिसू हेही त्यांनी कितीदा ठरवून ठेवलं होतं. त्यांनी कडी वाजवली. ओल्या हातांची एक बाई आली, तीच, बादलीवाली. त्यांच्या हातातली गुंडाळी आणि टेप पाहून तिला वाटलं, सोसायटीकडून कोणी गच्ची बघायला आलं आहे. तिनं जाळी उघडली आणि बाजूला झाली.

"ऊपर जाइए," ती म्हणाली. "आखिरी सीढ़ी थोड़ी ऊँची है भैया, सँभल के."

"वहीच बताने आया हूँ," चंपतराव म्हणाले. "ये सीढ़ी मेरी है."

तिला काही समजलं नाही. तिनं ओले हात पुसले आणि रेडिओ बंद करायला आत गेली.